नाटकाचे पहिले कारभारी : विष्णुदास भावे
(बी. ए. भाग २)

दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ साली याच दिवशी सांगलीच्या राजवाड्यात विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' या नाटकाचा प्रयोग केला आणि तेथून मराठी रंगभूमीचा प्रारंभ झाला, असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. परीक्षेत दोन गुणांसाठी एवढे उत्तर पुरते. परंतु या दोन गुणांत विष्णुदासांचे अर्धेच कर्तृत्व येते. उरलेले अर्धे पुढे आठ वर्षांनी सुरू झाले. ज्या राजाने नाटक उभे करविले तो राजा गेला, आणि या माणसाला नाटकाबरोबरच नाटकाचा हिशेबही हाती घ्यावा लागला. माझा विषय हा दुसरा अर्धा भाग आहे.

आपल्याकडे कला आणि व्यवहार यांचे जमत नाही, असा एक समज आहे. कलावंत म्हणजे खिसा फाटका आणि मन मोठे, आणि जो पैसा मोजतो तो कलेला उणा, असे आपण सहज बोलून जातो. आमच्या घराण्यात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच. त्यामुळे मी गॅदरिंगच्या नाटकात काम करतो म्हटल्यावर घरून पहिला प्रश्न आला तो हाच, की यात पोट भरते का? हा प्रश्न अरसिकपणाचा आहे असे मला वाटत नाही. तो फार जुना आणि रास्त प्रश्न आहे, आणि मराठी नाटकाच्या आद्य पुरुषाला तो अगदी रोखठोक विचारला गेला होता.

विष्णु अमृत भावे हे सांगलीचे. वडील अमृतराव संस्थानच्या नोकरीत होते. विष्णूचे लक्ष पोथी-पाटीपेक्षा हाताच्या कामाकडे अधिक. लाकडाच्या बाहुल्या कराव्यात, त्या हलत्या-चालत्या कराव्यात, पदे जुळवावीत, गोष्टी रचाव्यात, यात त्यांचा वेळ जाई. शाळेच्या मोजमापाने असा मुलगा वाया गेलेलाच ठरायचा. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांची मात्र अशा गुणांवर नजर होती.

१८४२ साली कर्नाटकातून भागवत मंडळींचा एक ताफा सांगलीस आला आणि त्याने राजेसाहेबांपुढे आपले खेळ केले. देवदानवांची सोंगे, नाचणे, आरडाओरडा असा तो प्रकार होता. कल्पना राजेसाहेबांना आवडली, परंतु खेळ ओबडधोबड वाटला. असेच काही मराठीत, पण नीटनेटके करता येईल काय, हे काम त्यांनी विष्णुदासांवर सोपविले. त्या वेळी विष्णुदासांनी पंचविशीही गाठलेली नव्हती. समोर नमुना म्हणावा तर तो परक्या भाषेतला, आणि मराठीत नाटक मंडळी ही वस्तूच नव्हती. तंजावरच्या भोसले राजांनी पूर्वी मराठीत नाटके रचली होती खरी, पण ती तिकडच्या दरबारातच राहिली. महाराष्ट्रात त्यांचा मागमूस नव्हता.

विष्णुदासांनी मुले जमविली, त्यांना शिकविले, पदे रचली आणि वर्षभरात 'सीतास्वयंवर' उभे केले. तोंडाला रंग लावून सोंग घेणे, त्यातून मुलाने बाईचे सोंग घेणे, हे त्या काळच्या प्रतिष्ठित घरांना रुचणारे नव्हते. राजाची मर्जी पाठीशी होती म्हणून ते निभावले. खर्चाचा भारही संस्थानचा होता. पुढे काही वर्षे रामायण-महाभारतातील आणखी आख्याने रचली गेली आणि सांगलीत प्रयोग होत राहिले.

त्या नाटकाची रीत समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा व्यवहार तिच्यावर उभा आहे. आरंभी सूत्रधार मंगलाचरण गाई. मग विदूषक येऊन त्याच्याशी थट्टामस्करी करी. त्यानंतर गणपती येई, मोरावर बसलेली सरस्वती येई, आणि मग मुख्य आख्यानाला सुरुवात होई. कथा पुढे नेणारी पदे सूत्रधार म्हणे; पात्रे त्या पदांचा आशय धरून आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. राक्षस आरोळ्या ठोकीत येत, राळेचा भपका उडे, तलवारी फिरत. रंगमंचावर सामान म्हणावे तर एक पडदा. नंतरच्या टीकाकारांनी या आरडाओरड्याची बरीच चेष्टा केली. परंतु आज हिशेबाच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. हे नाटक गाडीत घालून कोठेही नेता येण्याजोगे होते. एक पडदा, थोडे वेश, काही मुखवटे आणि तयार मंडळी असली की झाले. कथा सर्वांना पाठ, तेव्हा परगावच्या प्रेक्षकाला काही समजावून सांगावे लागत नव्हते. आख्याने अनेक, तेव्हा एकाच गावी चार रात्री चार वेगळे खेळ लावता येत. राजवाड्यासाठी केलेल्या या रचनेत फिरस्तीची सोय आयतीच होती, आणि ती लवकरच उपयोगी पडली.

१८५१ साली चिंतामणराव आप्पासाहेब वारले. गादीवर आलेले वारस अल्पवयीन होते. संस्थानच्या कारभाराच्या दृष्टीने नाटक हा बिनगरजेचा खर्च होता, आणि तो आधार सुटला. आता विष्णुदासांच्या पुढे काय होते याची कल्पना करावी. राजाच्या शब्दावर जमलेली मुले आता जाणती झालेली, त्यांच्या मागे घरे. सात-आठ वर्षांच्या मेहनतीने अंगात मुरलेली विद्या, आणि तिचे गिऱ्हाईक एकुलते एक, ते निघून गेलेले. दोन वाटा सोप्या होत्या. मंडळी मोडून प्रत्येकाने आपापली नोकरी धरावी, ही एक. दुसऱ्या एखाद्या संस्थानिकाच्या दारात जाऊन उभे राहावे, ही दुसरी. विष्णुदासांनी तिसरी वाट काढली. मंडळी घेऊन ते दौऱ्यावर निघाले आणि लोकांकडून पैसे घेऊन खेळ करू लागले.

आज आपल्याला यात नवल वाटत नाही. त्या काळी कीर्तनाला आरती फिरे, तमाशाला दौलतजादा होई, गोंधळ्याला सुपारी मिळे. म्हणजे पैसे देणाऱ्याच्या खुशीचा तो मामला होता. कोणी किती द्यावे हे देणारा ठरवी. तिकिटात दर आधी ठरतो आणि तो करणारा ठरवितो. घेणाऱ्याचा हात खाली आणि देणाऱ्याचा वर, ही जुनी बैठक तेथे मोडते. माझ्या समजुतीप्रमाणे विष्णुदासांच्या चरित्रातील सर्वांत धाडसाचे पाऊल हे आहे. 'सीतास्वयंवर' करताना पाठीशी राजा होता. तिकीट लावताना कोणीच नव्हते.

१८५३ साली ही मंडळी मुंबईस पोचली. मुंबईची रेल्वे धावली ती त्याच वर्षी १६ एप्रिलला, आणि तीही ठाण्यापर्यंतच. म्हणजे सांगलीपासूनचा प्रवास बैलगाड्यांचा आणि घाट उतरण्याचा. मुंबईत ग्रँट रोडवर एक नाटकगृह होते. ते १८४६ साली उभे राहिले होते आणि त्याच्या उभारणीत जगन्नाथ शंकरशेट यांचा मोठा वाटा होता. ते बांधले इंग्रजी नाटकांसाठी, परंतु साहेब लोकांच्या वस्तीपासून ते दूर पडे, त्यामुळे तेथे नियमित खेळ होत नसत. ९ मार्च १८५३ रोजी विष्णुदासांच्या मंडळीने त्या नाटकगृहात प्रयोग केला. इंग्रजी वृत्तपत्रातून जाहिरात देऊन आणि तिकिटे लावून हा खेळ झाला. सांगलीच्या राजवाड्यात वाढलेली मंडळी साहेबी पद्धतीच्या रंगमंचावर उभी राहिली आणि मुंबईकरांनी पैसे मोजून रामायण पाहिले. पारशी मंडळींनी याच नाटकगृहात आपले पहिले नाटक केले ते त्याच वर्षी ऑक्टोबरात. पुढे साऱ्या हिंदुस्थानभर गाजलेल्या पारशी रंगभूमीच्या काही महिने आधी हा सांगलीचा माणूस तेथे जाऊन आला होता.

मुंबईत विष्णुदासांनी आणखी एक गोष्ट केली. गोपीचंद राजाचे आख्यान त्यांनी हिंदुस्थानी भाषेत बसविले. मुंबई हे बहुभाषी शहर. गुजराती, पारशी, उत्तरेकडचे लोक मराठी नाटकाला किती येणार? तेव्हा त्यांना कळेल अशा भाषेत खेळ लावला. हिंदी नाटकाचा इतिहास लिहिणारेही या प्रयोगाची नोंद आदराने घेतात. याला कला म्हणावे की व्यापार? माझ्या मते येथे दोन्ही एकच आहेत. प्रेक्षक कोण आहे हे पाहून त्याच्यासाठी नवे काही रचणे हे दुकानदाराचेही काम आहे आणि कवीचेही.

ही वर्षे आपल्या नागपूरलाही विसरता येण्यासारखी नाहीत. मुंबईत हे खेळ झाले त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले आणि १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. सातारा त्याआधीच, १८४८ साली, गेले होते. जेथे दरबार बुडाला तेथे त्या दरबारावर जगणारे गवई, नर्तक, चितारी सारेच उघड्यावर पडले. सांगलीचे संस्थान टिकले, पण विष्णुदासांचा आश्रय गेला; नागपूरचे तर राज्यच गेले. राजाश्रयाचा काळ संपत आला होता, आणि यापुढे कलावंताला लोकांच्या दारात उभे राहावे लागणार होते. भिक्षेकरी म्हणून उभे राहायचे की दर ठरवून, एवढाच प्रश्न होता. त्याचे उत्तर विष्णुदासांनी करून दाखविले.

इंग्रजी साहित्याच्या वर्गात शेक्सपिअर शिकताना आपण त्याच्या नाट्यकविता पाहतो. तो आपल्या नाटक कंपनीचा भागीदार होता, १५९९ साली उभ्या राहिलेल्या ग्लोब थिएटरात त्याचा हिस्सा होता आणि त्या उत्पन्नावर त्याने गावी घर-जमीन केली, हे मात्र आपण घाईने ओलांडून जातो. फ्रान्समध्ये मोलिएरला उमेदवारीच्या काळात, १६४५ साली, नाटक कंपनीच्या कर्जापायी तुरुंग पाहावा लागला. पुढे तोच मंडळी घेऊन कित्येक वर्षे गावोगाव फिरला आणि नाटककार म्हणून तयार होऊन परतला. म्हणजे मंडळीचा संसार चालविणे हे त्यांच्या लेखनाच्या आड आलेले दिसत नाही. आज रात्री गल्ला किती जमला हे ज्याला पाहावे लागते, त्याला कोठे प्रेक्षक जांभया देतो हेही पाहावेच लागते.

विष्णुदासांच्या चरित्राचा शेवट मात्र गोड नाही. त्यांचे यश पाहून गावोगाव नाटक मंडळ्या निघाल्या. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशी गावांची नावे लावून त्या फिरू लागल्या. रीत तीच: सूत्रधार, विदूषक, गणपती, सरस्वती आणि आख्यान. रंगभूमीच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट, कारण एका मंडळीचे झाड अनेक ठिकाणी रुजले. परंतु ज्याने बी पेरले त्याच्या उत्पन्नाला त्यामुळे वाटेकरी झाले. १८६२ साली, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, विष्णुदासांनी नाटकाच्या धंद्यातून अंग काढून घेतले. सुमारे एकोणीस वर्षे हे काम करून ते थांबले.

येथे मला एक विचार सुचतो. पुस्तकांच्या हक्काचा कायदा आपल्या देशात १८४७ सालीच झाला होता. परंतु विष्णुदासांची पदे छापलेली नव्हती. ती मंडळींच्या तोंडी होती. जे तोंडी आहे ते कानावर पडले की दुसऱ्याचे होते. त्यांचा 'नाट्यकविता-संग्रह' छापून निघाला तो १८८५ साली, धंदा सोडून वीसहून अधिक वर्षे झाल्यावर. तोपर्यंत सारेच बदलले होते. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी 'थोरले माधवराव पेशवे' हे संपूर्ण लिहिलेले नाटक पुढे आणले. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' झाले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. सूत्रधाराने गायचे आणि पात्रांनी बोलायचे ही जुनी रीत जाऊन पात्रे स्वतःच गाऊ लागली. पदे छापली असती तर विष्णुदासांची नक्कल थांबली असती असे मी म्हणणार नाही. प्रयोगाची रीत कोणाला बांधून ठेवता येत नाही. तरी त्यांनी दौरा, जाहिरात आणि तिकीट ही तीन अंगे सांभाळली आणि लेखनाचे चौथे अंग उशिरा सांभाळले, असे मला दिसते. ९ ऑगस्ट १९०१ रोजी ते वारले. निवृत्तीनंतरची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी आपल्या हातून सुरू झालेला खेळ दुसऱ्यांच्या हातात वाढताना पाहिली. त्यांच्याच सांगलीच्या परिसरातून गोविंद बल्लाळ देवल आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे दोन मोठे नाटककार पुढे आले, आणि विष्णुदासांच्या हयातीतच त्यांची नाटके लोकांपुढे आली.

व्यवहाराकडे पाठ फिरविली तर काय होते, त्याचे उदाहरण पुढच्या पिढीतच आहे. बालगंधर्वांसारखा गाता नट पुन्हा झाला नाही. १९१३ साली त्यांनी भागीदारांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. भरजरी शालू, खरे अत्तर, नामांकित साथीदार, कशातच त्यांनी हात आखडता घेतला नाही. भागीदार एकेक करून बाहेर पडले, कर्जाचा डोंगर झाला, आणि ते कर्ज फेडण्यात या थोर कलावंताची उमेदीची वर्षे गेली. त्यांच्या कलेपुढे आपण नतमस्तक होतो ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या कर्जालाही आपण कलेचे भूषण समजतो, ते मला पटत नाही. ते कर्ज नसते तर आणखी किती नवी नाटके रंगमंचावर आली असती, असा विचार करून पाहावा. सांगलीत विष्णुदासांच्या नावाचे गौरवपदक दरवर्षी ५ नोव्हेंबरला दिले जाते आणि त्याचे पहिले मानकरी बालगंधर्व होते. व्यवहार अंगावर घेणाऱ्याच्या नावाचे पदक व्यवहार न पाहणाऱ्याला मिळाले, हा एक योगच म्हणायचा.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार होते आणि रात्र-रात्र नाटके चालतात. मी त्या भागातला असल्यामुळे हा हंगाम मला पाठ आहे. वडसा गावी नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत. गावचे मंडळ तेथे जाऊन कंपनी ठरविते, रक्कम ठरते, विसार दिला जातो. मग गावात मंडप, फलक, लाऊडस्पीकर आणि तिकीटविक्री. नाटकाच्या रात्री मीही तिकिटांच्या टेबलाशी बसलेलो आहे. रंगमंचावर जसा कस लागतो तसाच त्या टेबलाशीही लागतो: खर्च निघणार की नाही, पाहुण्यांना फुकट किती सोडायचे, थंडीमुळे लोक घरी तर बसणार नाहीत ना. शहरातील काही जण या नाटकांना भडक म्हणून नाक मुरडतात. विष्णुदासांच्या राक्षसांनाही असेच नाक मुरडले गेले होते. परंतु सरकारी अनुदानाची वाट न पाहता तिकिटाच्या बळावर उभा राहणारा हा व्यवसाय आहे, आणि त्यावर नट, गायक, वादक, पडदेवाले अशा कितीतरी लोकांची चूल पेटते. १८५१ सालच्या त्या निर्णयाचे खरे वारस मला वडशाच्या बाजारात दिसतात.

तिकिटामुळे आणखी एक गोष्ट घडली. राजवाड्यात खेळ कोणी पाहायचा हे राजा ठरवी. तिकिटाच्या खिडकीशी, निदान तत्त्वतः, ज्याच्या हातात पैसा तो आत. प्रत्यक्षात जातीच्या भिंती इतक्या सहज पडल्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. १८५५ साली महात्मा फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. नाटक लिहिलेले होते, पण पाठीशी ना आश्रय, ना फिरती मंडळी, ना खिडकी. ते कागदावरच राहिले. म्हणून नव्याने शिकणाऱ्या आमच्यासारख्यांनी लेखणीबरोबर मंडळी बांधण्याची विद्याही घेतली पाहिजे. ज्याच्या हाती स्वतःची खिडकी नाही, त्याच्या नाटकाचे भवितव्य एखादी कमिटी ठरविते.

माझ्या वर्गमित्रांपैकी अनेकांना गाणे, नाटक, वादन यांत पुढे जायचे आहे. हिशेबाची वही म्हटली की ते वाणिज्य शाखेकडे बोट दाखवितात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. पुढच्या गॅदरिंगला भूमिका मिळाली नाही तर रुसून बसू नका. पडदा कोठून आला, वेशाचे भाडे किती, वाजंत्र्याला काय दिले, खर्चाचा मेळ कसा बसला, हे एकदा स्वतः करून पाहा. भूमिका मिळाली तर तेही करा. घरच्यांनी पोट भरते का असे विचारले, तर रागावण्याऐवजी त्यांच्यापुढे आकडे मांडता आले पाहिजेत. सांगलीच्या विष्णुदासांपुढे हा प्रश्न उभा राहिला तेव्हा त्यांनी बैलगाडी जुंपली, मंडळी बसविली आणि मुंबईची वाट धरली.